पर्वतीय हिमाचे रसायन आणि दूरवरून येणारी धूळ : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्यात हिमवर्षाव होत नाही. सातपुड्यातील तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. अक्कलकुवा तालुक्यातील डाबचा परिसरही उंचावर वसलेला आहे. डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या कडाक्याच्या पहाटे तेथे गवतावरचे दहिवर गोठते आणि वृत्तपत्रांत सातपुड्यावर बर्फ पडल्याच्या आशयाचे मथळे येतात. शास्त्रीय दृष्टीने हे हिम नव्हे. ते हिमतुषार होत. हिमस्फटिक काही किलोमीटर उंचीवरील ढगात तयार होतो आणि त्या उंचीवरील हवेतील द्रव्ये घेऊन खाली येतो. हिमतुषार मात्र जमिनीलगतच्या हवेतील बाष्पापासून तयार होतात व त्यांत त्याच जागेची, फार तर शेजारच्या शेताची, धूळ सापडते. हा भेद केवळ पारिभाषिक नाही. आकाशातून खाली आलेले पाणी कोणत्या उंचीवरून व कोणत्या दिशेने आले, यावरच त्यातील रसायनांचा अर्थ अवलंबून असतो.

मग ज्या जिल्ह्यात हिम पडत नाही, तेथील अभ्यासकांनी हिमाच्या रसायनाचा विचार का करावा? याची दोन कारणे आहेत. पाण्यात विरघळलेल्या व न विरघळलेल्या द्रव्यांवरून हवेचा प्रवास ओळखण्याच्या पद्धतींची मोठी कसोटी पर्वतीय हिमावर लागली आणि त्याच पद्धती पाऊस व गारा यांना लागू पडतात. दुसरे कारण अध्यापनाशी संबंधित आहे. ‘आम्ल पर्जन्य’ हे प्रकरण महाविद्यालयीन वर्गात शिकविले जाते ते बहुतांशी मँचेस्टर, स्कँडिनेव्हिया व जर्मनीतील अरण्यांच्या आधारे. नंदुरबारच्या पावसाचे रसायन त्या नमुन्यात बसत नाही, आणि ते का बसत नाही याचे उत्तर धुळीत आहे. प्रस्तुत लेखात या दुव्याचा विचार केला आहे.

हिमात काय साठते

वातावरणातील कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधलेल्या शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ५.६ असतो. म्हणजे निर्मळ हवेतील पाऊसही किंचित आम्लधर्मी असतो. यापुढील सारा फरक हवेत तरंगणाऱ्या कणांमुळे व वायूंमुळे घडतो. समुद्राच्या फेसातून उडालेले मिठाचे कण सोडियम व क्लोराइड पुरवितात. मातीची धूळ कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व लोह आणते. कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनातून सल्फेट आणि नायट्रेट येतात. शेण, मूत्र व युरिया यांपासून अमोनियम येते.

या मिश्रणातून प्रत्येक स्रोताचा वाटा वेगळा काढण्याची युक्ती साधी आहे. सागरजलातील घटकांचे परस्परप्रमाण जगभर जवळजवळ स्थिर असते. वजनी हिशेबाने क्लोराइड सोडियमच्या १.८ पट, सल्फेट ०.२५ पट आणि कॅल्शियम अवघे ०.०३८ पट असते. नमुन्यातील सोडियम समुद्राचे आहे असे धरले, की त्यावरून समुद्राचे सल्फेट व कॅल्शियम किती हे ठरते. त्याहून अधिक जे उरते ते जमिनीचे किंवा धुराड्याचे. उदाहरणार्थ, एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम सोडियम व २ मिलिग्रॅम कॅल्शियम आढळले, तर समुद्राच्या वाट्याला कॅल्शियमचे ०.०४ मिलिग्रॅमदेखील येत नाही. जवळजवळ सर्व कॅल्शियम मातीचे आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. ते कोणत्या मातीचे, हा प्रश्न मात्र उरतो व तोच या लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

पाऊस पडतो आणि वाहून जातो. उंच पर्वतावरील हिम मात्र थरावर थर साठवीत जाते. एका वर्षाचा थर पुढील वर्षाच्या थराखाली दबतो आणि आपल्या काळातील हवेचा नमुना जपून ठेवतो. शिवाय धूळ ही हिमातील केवळ प्रवासी नसते. ढगातील अतिशीत थेंबाला गोठण्यासाठी बीज लागते आणि फेल्डस्पारसारख्या खनिजांचे कण ते बीज उत्तम रीतीने पुरवितात. पुष्कळदा हिमस्फटिकाच्या गाभ्यातच वाळवंटाचा कण असतो.

आशियातील पर्वतीय हिमाचे या दृष्टीने पद्धतशीर पृथक्करण १९८० नंतर सुरू झाले. पॉल मेयेव्स्की, बेरी लायन्स आदी संशोधकांनी लडाखमधील सेंटिक हिमनदीवरील हिमाचे रसायन तपासले. पुढे कॅमेरॉन वेक व सहकाऱ्यांनी मध्य आशियातील अनेक हिमनद्यांची तुलना केली. तकलामकानसारख्या वाळवंटांच्या शेजारच्या पर्वतांवरील हिमात कॅल्शियम व सल्फेट विपुल, तर मान्सूनच्या पावसाने धुतलेल्या दक्षिण हिमालयातील हिमात ते अत्यल्प, असे चित्र त्यातून पुढे आले. एकाच खंडातील हिम, परंतु त्याचे रसायन वाऱ्याच्या वाटेनुसार बदलते.

कण किती दूर जातो

वाळवंटातील वादळ स्थानिक असते, ही समजूत कणांच्या आकाराचा हिशेब केला की टिकत नाही. स्टोक्सच्या नियमानुसार संथ हवेत कणाचा पतनवेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. क्वार्ट्झच्या घनतेचा २० मायक्रॉन व्यासाचा कण एक किलोमीटर खाली यायला सुमारे नऊ तास घेतो. २ मायक्रॉनचा कण त्याच अंतरासाठी तब्बल महिनाभराहून अधिक काळ घेतो. अरबी द्वीपकल्पापासून पश्चिम भारताचे अंतर ढोबळमानाने दोन हजार किलोमीटर धरले आणि वारा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहत असला, तर हा प्रवास सव्वादोन ते अडीच दिवसांचा आहे. तेव्हा जाड कण वाटेत समुद्रात पडतात आणि बारीक कण सहज येऊन पोहोचतात. दूरच्या धुळीची पहिली ओळख तिच्या बारीकपणात असते ती यामुळे.

चार्ल्स डार्विनने १८३२ साली ‘बीगल’ जहाजावरून केप व्हर्ड बेटांजवळ पडणारी धूळ गोळा केली होती व तिचे सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण बर्लिनच्या एहरेनबर्ग यांनी केले. आज उपग्रहांमुळे असे प्रवास डोळ्यांनी पाहता येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सहारातील धुळीने आल्प्स व पिरेनीज पर्वतांवरील हिम नारिंगी झाले होते. चाड देशातील बोडेले खोलगट प्रदेशासह सहारातून उडणारी धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या अरण्याला दरवर्षी सुमारे २२ हजार टन फॉस्फरस पुरविते, असा अंदाज आहे.

महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. मार्च २०१२ मध्ये मध्यपूर्वेत उसळलेले एक विस्तीर्ण धुळीचे वादळ अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आले. २२ व २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूने निघालेली धूळ सौराष्ट्रावरून येऊन मुंबई व पुणे परिसरावर पसरली. उभ्या वाहनांवर पांढुरकी पूड बसली, दृश्यमानता घटली. दुसरी घटना जानेवारीतील आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. धूळ म्हटली की आपल्याकडे वैशाखातील वावटळ आठवते; परंतु पश्चिमी विक्षोभामागून येणारे जोरदार वारे थंडीतही वाळवंट उचलून आणतात. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची उघड्यावर वाळत पडलेली असते तो हाच हंगाम.

दासुओपूचा हिमगाभा आणि कवट्यांचा दुष्काळ

पर्वतीय हिमातील धूळ मराठी मुलुखाच्या इतिहासाला कोठे स्पर्श करते, याचे एक उदाहरण विस्ताराने सांगण्यासारखे आहे. तिबेटमधील शिशापांग्मा शिखराच्या परिसरात दासुओपू नावाची हिमनदी आहे. ओहायो राज्य विद्यापीठाचे लॉनी थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सुमारे ७२०० मीटर उंचीपर्यंत जाऊन तेथून बर्फाचे लांब दंडगोल, म्हणजे हिमगाभे, काढले. त्यांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. या हिमनदीवर पडणारे हिम प्रामुख्याने दक्षिण आशियाई मान्सूनचे आहे. मान्सून चांगला झाला की हिम भरपूर पडते आणि त्यातील धूळ विरळ असते. मान्सून हुकला की हिम कमी पडते, कोरडी जमीन उघडी पडते, वारा माती उचलतो आणि थरातील धूळ व क्लोराइड यांचे प्रमाण वाढते.

गेल्या हजार वर्षांच्या थरांत धूळ व क्लोराइड यांची सर्वांत तीव्र नोंद इ.स. १७९० ते १७९६ या वर्षांची आढळली. ही वर्षे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. ‘दोजी बारा’ किंवा कवट्यांचा दुष्काळ म्हणून जो ओळखला जातो तो हाच. दख्खन, दक्षिण मराठा मुलूख, हैदराबाद, गुजरात व मारवाड या भागांना त्याने होरपळून काढले. मृतांची संख्या इतकी होती, की अंत्यसंस्कारही होऊ शकले नाहीत व उघड्यावर पडलेल्या कवट्यांवरून त्याला हे नाव मिळाले. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीतील या आपत्तीचा मागोवा इतिहासकार दप्तरांतून घेतात. त्याच आपत्तीची दुसरी नोंद, कोणाही कारकुनाच्या हाताशिवाय, हिमालयापलीकडील बर्फात धुळीच्या रूपाने झाली होती. इतिहास व रसायनशास्त्र या विभागांनी एका टेबलाभोवती बसावे असे हे उदाहरण आहे. आपल्या महाविद्यालयांत ते क्वचितच घडते.

याच गाभ्यात विसाव्या शतकातील बदलही दिसतो. क्लोराइड दुप्पट आणि धूळ चौपट झाली आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूस असलेल्या भारत व नेपाळमधील वाढत्या मानवी व्यवहारांशी संशोधकांनी ही वाढ जोडली आहे. तेव्हा वाळवंट निसर्गनिर्मित असले, तरी हवेतील सर्वच धूळ निसर्गनिर्मित मानता येत नाही. नांगरलेली कोरडी जमीन, उघडी पडलेली गायराने व कच्चे रस्ते यांचाही तिच्यात वाटा आहे.

हिमावर बसलेली धूळ पुढे आणखी एक परिणाम घडविते. ताजे स्वच्छ हिम त्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी आठ-नऊ दशांश भाग परत पाठविते. मळलेले हिम उष्णता शोषते व लवकर वितळते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात थॉमस पेंटर यांच्या चमूने २००७ मध्ये दाखविले, की धुळीमुळे हिमाच्छादन १८ ते ३५ दिवस आधी संपते. हिमालयाच्या पश्चिम भागातील हिमही थरच्या व त्यापलीकडील वाळवंटी धुळीने काळवंडते, हे उपग्रह निरीक्षणांतून आढळले आहे. तापी व नर्मदा या हिमावर पोसलेल्या नद्या नसल्यामुळे या परिणामाची प्रत्यक्ष झळ नंदुरबारला बसत नाही. येथील प्रश्न पावसाचा आहे.

धुळीने झाकलेले आम्ल

‘आम्ल पर्जन्य’ ही संज्ञा रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या हवेच्या अभ्यासातून रूढ केली. त्या प्रतिमेच्या आधारे भारतातील औद्योगिक पट्ट्यांतील पाऊस अत्यंत आम्लधर्मी असावा असे वाटते. प्रत्यक्षात भारतातील पुष्कळ ठिकाणांच्या पावसाचा सामू ५.६ हून अधिक, बहुधा सहाच्या वर, आढळत आला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने पुणे व सिंहगड येथे केलेल्या अभ्यासांतही हेच दिसते. याचे कारण हवेत गंधकाम्ल नाही असे नव्हे. गंधकाम्ल असते, परंतु मातीतील कॅल्शियम कार्बोनेट त्याच्याशी संयोग पावून कॅल्शियम सल्फेट तयार होते व आम्लता नाहीशी होते. सामू पाहून हवा स्वच्छ असल्याचा निर्वाळा देणे त्यामुळे धोक्याचे ठरते. सामू ६.५ असलेल्या पावसातही सल्फेट व नायट्रेट भरपूर असू शकतात.

ही झाकण अबाधित राहील याची खात्री नाही. भारतीय हवामान विभागाची वातावरणीय पार्श्वप्रदूषण मोजणारी दहा केंद्रे आहेत. महाराष्ट्रातील पुणे व नागपूर आणि थरच्या कडेवरील जोधपूर यांचा त्यांत समावेश होतो. त्यांच्या कित्येक दशकांच्या नोंदींनुसार बहुतेक ठिकाणी पावसाचा सामू हळूहळू उतरत आला आहे, कारण नायट्रेट व सल्फेट यांचे प्रमाण वाढते आहे. दुसरीकडे, २००० नंतरच्या पहिल्या दीड दशकात भारतीय प्रदेशावरील मान्सूनपूर्व धूळ घटल्याचे उपग्रह नोंदी दाखवितात. म्हणजे आम्ल वाढते आहे आणि त्याला उदासीन करणारी सामग्री घटू शकते.

नंदुरबारसाठी ही बाब दूरची नाही. सुरत शहर नंदुरबारपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर, तर अंकलेश्वरचा रासायनिक उद्योगांचा पट्टा त्याहूनही थोडा जवळ आहे. पावसाळ्यातील पश्चिमेकडचे वारे तेथूनच येतात. सह्याद्री व सातपुडा यांच्या मध्ये तापीचे खोरे खंबातच्या आखाताकडे एखाद्या उघड्या दरवाजासारखे आहे. उत्तरेस नर्मदेची दरी तशीच त्याच आखाताकडे उघडते. समुद्राचे मीठ, गुजरातच्या धुराड्यांतील सल्फेट आणि वाळवंटाची धूळ या तिन्ही गोष्टी याच वाटांनी जिल्ह्यात येतात. वर उल्लेखिलेल्या दहा केंद्रांपैकी एकही या दोन खोऱ्यांत नाही.

हे कॅल्शियम कोणाचे?

येथे सातपुड्याचा भूगोल अभ्यासकाची खरी परीक्षा पाहतो. राजस्थानात किंवा हिमालयात पावसातील कॅल्शियमवरून धुळीचा अंदाज बांधता येतो. नंदुरबार जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे. नंदुरबार-धुळे परिसर बेसाल्ट भेदून उभ्या राहिलेल्या डाइकांच्या समूहासाठी भूशास्त्रात प्रसिद्ध आहे. बेसाल्टातील प्लॅजिओक्लेज खनिजात कॅल्शियम असते. त्यापासून झालेल्या काळ्या मातीत चुनखडीचे गोटे सर्रास सापडतात. शहादा व तळोदा भागातील गाळाची जमीन नांगरून उन्हात पडली, की वावटळीने तीच माती वर जाते. तेव्हा नंदुरबारच्या वळवाच्या पावसात कॅल्शियम विपुल आढळले, तर ते थरमधून आले, अरबस्तानातून आले की शेजारच्या कापसाच्या शेतातून, हे केवळ कॅल्शियमवरून ठरणार नाही.

उत्तर न विरघळलेल्या गाळात शोधावे लागते. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे प्रबळ असतात. थरच्या धुळीत क्वार्ट्झ, अभ्रक व इलाइट अधिक असतात. पॅलिगॉर्स्काइट हे तंतुमय खनिज अरबस्तान व त्यालगतच्या शुष्क प्रदेशांची खूण मानले जाते; अरबी समुद्राच्या तळगाळातील वाऱ्याने आलेली माती ओळखण्यासाठी त्याचाच आधार घेतात. क्ष-किरण विवर्तनाने ही खनिजे वेगळी ओळखता येतात. त्याहून निर्णायक साक्ष स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांची. बेसाल्ट हा भूकवचाच्या खालील प्रावरणातून आलेला असल्याने त्यात स्ट्रॉन्शियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८६ शी गुणोत्तर कमी असते. थरची वाळू ज्या प्राचीन भूखंडीय खडकांच्या झिजेतून आली, त्यांत ते अधिक असते. दख्खनच्या पठारावर स्थानिक व परकी माती यांच्यातील हा विरोध ठळक असल्यामुळे, कॅल्शियमच्या बाबतीत अडचण ठरलेला बेसाल्ट या कसोटीत मदतीला येतो. बेसाल्टात क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच. म्हणून तोरणमाळवर पडलेल्या पावसाच्या गाळात दोन-चार मायक्रॉनचे क्वार्ट्झ कण मुबलक मिळाले, तर ते बाहेरून आले आहेत असा तर्क करण्यास सबळ आधार मिळतो.

नमुना कोठे व कसा घ्यावा

समस्थानिकांचे मापन मोठ्या प्रयोगशाळेचे काम आहे. नमुना गोळा करणे मात्र जिल्ह्यातील कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे, आणि बहुतेक चुका तेथेच होतात. पॉलिथिनचे नरसाळे व बाटली विआयनित पाण्याने धुऊन पाऊस सुरू होताच उघडावी व थांबताच झाकावी. दिवसभर उघड्या ठेवलेल्या भांड्यात पावसापेक्षा कोरडी धूळच अधिक साठते. सामू व विद्युतवाहकता त्याच दिवशी मोजावी, कारण चुन्याचे कण बाटलीत विरघळत राहतात व सामू चढत जातो. गाळणकागदावर उरलेला गाळ फेकू नये. धुळीचे मूळ सांगणारी सामग्री तीच. फ्लेम फोटोमीटरवर सोडियम व पोटॅशियम मोजता येतात. कॅल्शियमसाठी आण्विक अवशोषण वर्णपटमापी, तर सल्फेट व नायट्रेट यांसाठी आयन क्रोमॅटोग्राफी लागते. हवेचा मागील प्रवास शोधणारी हायस्प्लिट ही संगणकप्रणाली व उपग्रहांची छायाचित्रे विनामूल्य उपलब्ध आहेत. पावसाच्या तारखेशी ती ताडून पाहता येतात.

हिमाच्या सर्वांत जवळचा नमुना या जिल्ह्याला गारपिटीतून मिळतो. गार चार-पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर, शून्याखालील तापमानात वाढते. हिमतुषारांना जे साधत नाही ते तिला साधते, म्हणजे वरच्या हवेची साक्ष देणे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांना गारपिटीने झोडपले. पंचनामे पिकांचे झाले आणि गारा मातीत विरघळून गेल्या. गारा गोळा करायच्या तर जमिनीला लागलेला बाह्य थर शुद्ध पाण्याने धुऊन काढून त्या बंद पिशवीत गोठलेल्या स्थितीतच ठेवाव्या लागतात.

पावसासाठी दोन ठिकाणांची जोडी उपयुक्त ठरेल. एक तोरणमाळच्या पठारावर, यशवंत तलावापासून व वाहनतळापासून दूर; दुसरे तापीकाठच्या सपाटीवर, रस्ते, साखर कारखाने व मिरचीच्या पथाऱ्या टाळून. सुमारे एक हजार मीटर उंचीच्या फरकामुळे शेतातील जाड माती बव्हंशी खालच्या केंद्रातच अडकेल. दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी कॅल्शियम वाढले व वरच्या केंद्रातील गाळ बारीक आणि क्वार्ट्झयुक्त निघाला, तर धूळ दूरची; केवळ खालच्या केंद्रात वाढले तर ती खोऱ्यातलीच. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वळवाचा अखेरचा व मान्सूनचा पहिला पाऊस काही दिवसांच्या अंतराने येतात. एकात जमिनीची धूळ प्रबळ असते, तर दुसऱ्यात समुद्राचे सोडियम चढू लागते. या दोन पावसांचे नमुने दोन्ही केंद्रांवर मिळाले, तर धूळ सरल्यावर पावसाचा सामू किती खाली येतो हे त्याच पंधरवड्यात मोजता येईल.